क्रॉसिंगला घातलेली वेणी

राहुरीहून नगरला रोज अप-डाऊन करणाऱ्या आम्हा सगळ्यांचा क्रॉसिंगवर भारी राग. लाईन एकच, त्यामुळे समोरची गाडी येऊन जाईपर्यंत आमची पॅसेंजर मधल्या एका छोट्या स्टेशनात ताटकळायची. इंग्रजांच्या काळातली काळ्या दगडांची इमारत आणि वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेली, आता कोरडी पडलेली पाण्याची टाकी. रोज रोज ते तरी किती बघणार?

दर गुरुवारी आई बरोबर असायची. गुडघ्यांच्या औषधासाठी ती नगरला यायची. तिला मात्र गाडी जितकी रखडेल तितकी हवी असे, कारण माझी बहीण त्या क्रॉसिंगच्याच गावात दिलेली. लग्नात मानपानावरून बिनसलं ते बिनसलंच. सासरच्यांनी तिचं माहेर तोडलं, फोनसुद्धा करू देत नसत. गवत आणायचं निमित्त काढून ती निघायची आणि फलाटाच्या टोकाला लिंबाखाली येऊन थांबायची. म्हणून आम्ही शेवटच्या डब्यात बसायचो.

फलाट खुजा. बहीण खिडकीकडे पाठ करून उभी राही आणि आई गजांतून हात बाहेर काढून तिची वेणी घाली. तेलाची बाटली, फणी, सगळं पिशवीत असे. दोघी फारसं बोलत नसत. दोन लेकरांची आई झालेली बाई, शाळेत निघाल्यासारखी मान मागं टाकून उभी. मला लोकांची लाज वाटायची. मी मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचो.

मग डबल लाईन झाली. डब्यात पेढे वाटले, मीही खाल्ले. त्या गुरुवारी आईनं तिचे केस सोडले, तेल लावलं, पेड हातात घेतले आणि गाडी हलली. आईला पेड सोडवेनात. केस ओढले गेले तशी बहीण चार पावलं गाडीबरोबर चालली.

"सोड आई, मी घालीन," ती म्हणाली.

"अर्धीच ऱ्हायली की गं," आई म्हणाली. ते तिला ऐकू गेलं नसावं.

पुढं गाडी मिनिटभरच थांबायची. तेवढ्यात आई नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि नगर येईपर्यंत तेलाची बाटली मांडीवर धरून बसायची. त्या नव्या रुळांचा मला संताप यायचा, पण सांगणार कुणाला? मी वेळेवर येतो म्हणून कामावर साहेब खूश होते.

थंडीत आई गेली. सासरच्यांनी तेवढ्यापुरतं बहिणीला पाठवलं. ती आली, रडली नाही. आईच्या उशाशी गेली आणि तिच्याकडे पाठ करून बसली, मान जराशी मागं टाकून. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, तोंड तरी बघ आईचं."

त्यांना काय आणि कसं सांगावं, मला कळेना. बाहेर तिरडी बांधून झाली होती, माणसं खोळंबली होती. मी पुढं झालो.

"बसू द्या तिला," मी म्हणालो. "काई घाई न्हाई."