धबधब्यासमोर बोलायचं नाही

आमच्या ह्यांचा एक नियम होता. माळशेजला गेलं की धबधब्यासमोर तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं. मला विचाराल तर ही शिक्षाच होती. मी पहिल्यापासून बडबडी. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय. तो जन्मला होता आणि कल्याणजवळ मोहन्याच्या कंपनीत मशीनवर कामाला होता. "दिवसभर त्या खडखडाटात ओरडून बोलतो मी," ते म्हणायचे, "इथे तरी जिभेला सुट्टी दे. माझ्याही आणि तुझ्याही."

मग काय, मी गप्प. सगळं पोटात साठवून ठेवायचे आणि परतीच्या एसटीत बसलं की सुरू. अहो, ती मधली धार पाहिलीत का, वाऱ्याने कशी वर उडत होती, आणि ते माकडाचं पिल्लू... मी सांगत असायचे आणि हे टोकावडे यायच्या आत झोपलेले. मुरबाडला मी कोपर मारून उठवायचे. "ऐकलंत का काही?" "सगळं," म्हणायचे. डोंबल ऐकलंय!

लोक पावसात जातात. आम्ही प्रत्येक ऋतूत जायचो, कल्याणहून आळेफाट्याची एसटी पकडून. कंपनी बंद पडली, हे दुसरीकडे लागले, पण ते जाणं सुटलं नाही. आश्विनात घाट सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला असायचा आणि पाणी इतकं गरीब व्हायचं की त्यात पाय सोडून बसता यायचं. थंडीत आम्ही वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट चढायचो. वर पोचलं की थर्मासमधला चहा, आणि माझ्या गुडघ्यांच्या नावाने माझी ओरड. वैशाखात तर कमाल. बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर, जिथे पावसाळ्यात आमचा धबधबा पडतो, तिथे नुसता कातळ, त्यावर पाण्याचा काळा ओघळ सुकलेला. हे त्याच्याकडेच बघत बसायचे. मी करवंदं खात नियम मोडायचे. "अहो, आहे काय इथे बघण्यासारखं?"

"जागा बघून ठेवतोय. पाणी आल्यावर ओळख नको?"

नाणेघाटच्या वाटेवरच पहिल्यांदा काहीतरी बिनसलंय हे लक्षात आलं. समोरच्या पायऱ्या नीट चढत होते, पण बाजूची फांदी सरळ खांद्यावर घेतली. थोड्या वेळाने परत तेच. कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. कडेकडेने नजर खात येतो म्हणाले. गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. सकाळ-संध्याकाळ मी थेंब घालायला लागले. सुरुवातीला ह्यांना बांगडीतून बघावं एवढं दिसायचं. पुढे बांगडीची अंगठी झाली.

तेव्हा ते एकदाच म्हणाले. चहाचा कप चाचपडत खाली ठेवला आणि म्हणाले, "एकदा श्रावणातला धबधबा बघून घेतो गं. मग काय जायचं ते जाऊ दे."

गेलो. मुद्दाम मधला वार धरला, म्हणजे गर्दी नको. आणि वळणावर उतरलो तर धुकं. साधंसुधं नाही, समोरचा कठडा दिसेना असं. पाणी समोर धो धो पडतंय, तुषार तोंडावर येतायत आणि दिसत काही नाही. छत्री धरून आम्ही शेवटच्या एसटीपर्यंत उभे राहिलो. मी त्या धुक्याला काय काय शिव्या घातल्या, इथे लिहिता येणार नाहीत. हे एसटीत चढताना म्हणाले, "पुढच्या श्रावणात बघू." मी हो म्हटलं.

दिवाळीत मी गॅलरीत आकाशकंदील लावला. हे बाहेर आले, उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, कंदील लावला नाहीस यंदा?" तो त्यांच्या डोक्यावर जळत होता.

मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

पुढच्या श्रावणात त्यांनीच विषय काढला. "चल, जाऊन येऊ." माझा भडका उडाला. "आता कशाला? काय बघणार आहात?" बोलून गेले आणि जीभ चावली. ते म्हणाले, "घरात बसून भिंती तरी कुठे दिसतायत?" मी डबा भरला आणि निघाले.

वळणावर उतरलो. त्यांचा हात कठड्यावर ठेवून दिला. आणि ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. म्हणाले, "सांग."

"धुकं आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मला वाईट वाटू नये म्हणून सांगतेस."

"अहो, देवाशप्पथ! काही म्हणजे काही दिसत नाही."

"राहू दे गं. नको सांगूस."

मला रडावं की ओरडावं कळेना. जन्मभर ह्या माणसाला मी एवढं बोलले आणि आज एक खरं वाक्य पटेना. तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक बाई, नातवंडांना घेऊन आलेली, आपणहून बोलली, "कायच दिसत नाय ओ काका! मेलं सगलं पांढरंफटक. यवढ्या लांबून आलो नि फुकट."

हे खो खो हसले. "म्हणजे आज सगळेच माझ्या पंगतीला!"

मीही हसले. दिवाळीनंतर त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि गेल्या वर्षी ज्या धुक्याला शिव्या दिल्या, त्याच धुक्यासाठी मी मनात हात जोडले. राहू दे रे देवा. आजच्या दिवस उठवू नकोस.

देव कुठला ऐकतोय! खालून वारा आला. धुकं फाटलं आणि नातवंडं किंचाळली, "दिसला! दिसला!" वळणावरची सगळी माणसं ओरडायला लागली. पंगत उठली आणि हे एकटे पानावर राहिले.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान पाण्याच्या आवाजाकडे केली होती, अगदी बरोबर, जिथे तो कातळ आहे तिथे. मी घसा खाकरून सुरुवात केली, "अहो, मधली धार..."

"शूऽऽ. बोलायचं नाही," ते म्हणाले. मग हळूच, "आणि माझ्याकडे नको बघूस. मी काय, रोजचाच आहे. तिकडे बघ."

मी तिकडे बघितलं. धुकं परत भरून येईपर्यंत बघत राहिले. माणसांचा गलबला थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "गेला?"

"गेला."

"मग चल."

एसटीत खिडकीशी त्यांना बसवलं. गाडी घाट उतरायला लागली तशी त्यांनी चाचपडत माझा हात धरला. म्हणाले, "हं. आता सांग."

मी सांगायला लागले. मधली धार, वारा, कातळावरचं हिरवं शेवाळ, सगळं. टोकावडे गेलं. बोलता बोलता मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. मुरबाड आलं तरी ते जागे होते.