एकोणीस मिलिमीटर

हातावर मोठी गाठ उठली म्हणजे अंगात मोठी ताकद, हे तुम्हाला कोणी शिकवलं? हसू नका. एका अख्ख्या रुग्णालयाने ही समजूत अकरा वर्षं पाळली, आणि पाळणारे चांगले शिकलेसवरलेले होते.

त्या रुग्णालयाच्या टोकाला आठ खाटांचा एक वॉर्ड होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय झालेले रोगी तिथे ठेवत. लादी पुसणं, बेडपॅन धुणं, थुंकीच्या डब्या उचलणं ही कामं आयांची. त्या वॉर्डात कोणती आया जाणार हे मोठ्या सिस्टर ठरवत, तेही पट्टीने मोजून. वर्षातून एकदा सगळ्या आयांच्या हाताला कातडीखाली क्षयाच्या तपासणीचं इंजेक्शन टोचायचं, तिसऱ्या दिवशी उठलेली गाठ मोजायची, आणि जिची सगळ्यात मोठी तिला आत धाडायचं. सिस्टर म्हणत, हिच्यात प्रतिकारशक्ती आहे, हिला मास्क कशाला? मास्क आधीच कमी यायचे, ते डॉक्टरांच्या तोंडाला लागायचे.

गाठीचा अर्थ एवढाच की क्षयाचे जंतू कधीतरी या शरीरात शिरलेत. ते पुढे गप्प राहतील की उठतील, हे ती गाठ सांगत नाही, आणि नवे जंतू तर ती मुळीच अडवत नाही. सिस्टर ज्या पुस्तकावर परीक्षा पास झाल्या त्यात हे छापलेलं होतं.

अकरा वर्षं सगळ्यात मोठी गाठ एकाच बाईची उठली. एकोणीस मिलिमीटर. तिचं खरं नाव लोक विसरले, ती एकोणीसबाई झाली. तिलाही ते आवडायचं, उगाच लपवू नये. तोंडाला रुमाल बांधणाऱ्या नव्या आयांना ती म्हणायची, "झाक बाई झाक, तुझं नाक फार किमती आहे."

घरी तिच्या वाट्याला एक खोली. प्लायवुडच्या भिंतीपलीकडे धाकटी जाऊ, तिचा नवरा आणि त्यांच्या दोन मुली. धाकटीही त्याच रुग्णालयात आया, बाहेरच्या रुग्णांच्या खिडकीवर. दोघींचं चार वर्षांपूर्वी कशावरून बिनसलं ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं, पण राग रोज ताजा असायचा. बोलणं असं नाहीच, भिंतीवरून टोमणे तेवढे.

मग एकोणीसबाईला खोकला लागला. तिने फिनेलवर खापर फोडलं, गोळ्या चघळल्या. गणवेशाची कंबर दोनदा आत घेतली. संध्याकाळी अंग तापायचं तर पंखा वाढवायची. भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज यायचा, रात्रभर कोणी ट्रॅक्टर चालू ठेवलाय का? दोन आठवडे खोकला राहिला की थुंकी तपासा, असं रोग्यांच्या नातेवाइकांना रोज दटावणारी ही बाई स्वतः पाच आठवडे खोकत राहिली. यात तिची गय करायचं कारण नाही. एकोणीसबाईला क्षय झाला असं लोकांनी म्हणावं, हे तिला मरणाहून जड वाटत होतं.

शेवटी मोरीत रक्त पडलं, तेव्हा गेली तपासायला. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला. क्षय, आणि तोही मुख्य औषधाला दाद न देणारा.

त्याच दुपारी आयांच्या गाठी मोजल्या गेल्या. धाकटीची निघाली बावीस. व्हरांड्यात टाळ्या पडल्या, धाकटीने हात वर करून सगळ्यांना दाखवला, आणि सोमवारपासून वॉर्ड तिचा असं ठरलं. एकोणीसबाईने कागदाची घडी खिशात दाबली. पहिला विचार तिच्या मनात आला तो हा, की बरं झालं, जिरू दे हिची.

तो विचार दोन दिवस टिकला. सोमवारी धाकटी नळावर बादली भरत होती, तिथे ही जाऊन उभी राहिली.

"मास्क मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस."

"का? तुमची गादी गेली म्हणून?" धाकटी वर न बघता म्हणाली. "एकोणिसाचं राज्य संपलं, जाऊबाई. आता बाविसाचं."

एकोणीसबाईने कागद उघडून तिच्यासमोर धरला. असे कागद धाकटीने खिडकीतून शेकड्यांनी वाटले होते, तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. बादली भरून वाहायला लागली.

"कधीपासून?"

"ट्रॅक्टर ऐकत होतीस ना? तेव्हापासून."

"आणि मला आज सांगताय? पलीकडे माझ्या पोरी झोपतात."

एकोणीसबाईने वाहता नळ बंद केला.

धाकटीने कागद हिसकावला आणि तरातरा सिस्टरांच्या खोलीत गेली. सिस्टरांनी कागद पाहिला, चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं की हिने खाण्यापिण्याकडे दुर्लक्ष केलं असेल, म्हणून शक्ती घटली. शिवाय एकोणिसापेक्षा बावीस जास्तच आहे.

"मग काढा पट्टी," धाकटी म्हणाली. "तुमचा हात मोजू. जास्त भरला तर तुम्हीच जा."

सिस्टरांनी ते इंजेक्शन स्वतःला कधी टोचून घेतलंच नव्हतं. त्या मेमो देण्याची भाषा बोलू लागल्या. धाकटी वॉर्डच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसली, आणि तासाभरात बाकीच्या आयांनीही झाडू खाली ठेवले. सगळ्या धाकटीच्या मैत्रिणी होत्या असं नाही, पण आपापल्या हातावरच्या गाठीकडे त्या आता वेगळ्या नजरेने बघत होत्या. जेवणाच्या वेळेआधी डॉक्टरांच्या खोलीतून मास्क आले. सुतार बोलावून रंगाने चिकटून गेलेल्या खिडक्या उघडल्या.

एकोणीसबाई आता त्याच वॉर्डात पाचव्या खाटेवर आहे. धाकटीच्या मुलींची तपासणी झाली, आज तरी ठीक आहेत, पुढे पुन्हा बघावं लागेल. धाकटीने माफ केलेलं नाही. मास्क लावून येते, "पाय वर घ्या, जाऊबाई," म्हणते आणि खाटेखालची लादी रागारागाने पुसते. एकोणीसबाई पाय वर घेते. सिस्टर त्याच खुर्चीत आहेत.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. अशा हवेत काम करणारं माणूस तुमच्या हाताखाली असेल, तर तू कणखर आहेस असं त्याला पुन्हा म्हणू नका. त्याला आजच मास्क द्या, आणि त्याचा खोकला दोन आठवडे हटला नाही तर हाताला धरून थुंकी तपासायला घेऊन जा.