पूजेला कोण बसणार

बांद्याच्या बाजारात माझ्या अब्बांचं सुक्या मासळीचं दुकान होतं. बी.कॉम. झाल्यावर मी हायवेलगतच्या एका काजू कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हा तो पत्र्याच्या दोन शेडचा होता. मालक आतल्या गावातले शेतकरी. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पुढे कारखान्याची कंपनी झाली, काजूगर परदेशी जाऊ लागला. आखातातले खरेदीदार माझ्याशी बोलायचे, माझ्या शब्दावर माल उचलायचे. निर्यातप्रमुख झाले तेव्हा घरी अम्मीने शेजारपाजारी खजूर वाटले होते.

एकदा आरोंद्याकडे काजू बघून परतताना भाऊंनी गाडीत विषय काढला. आम्ही दोघं एरवी ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचो, पण गाडीत मालवणीच.

"माज्या मागसून ह्यो कारखानो तुकाच सांभाळूचो आसा गो," ते म्हणाले.

"बोर्डातली माणसां काय म्हणतीत, भाऊ?"

"त्यांका काय म्हणूचा आसा? मी आसय मां!"

बोर्डात भाऊंचे दोन भाऊ होते, एक मेहुणे, एक व्याही आणि कोल्हापूरहून येणारे चार्टर्ड अकाउंटंट. मी दर बैठकीत निर्यातीची माहिती द्यायला आत जायचे आणि ती दिली की बाहेर यायचे. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

भाऊंनी व्यवस्थापकीय संचालकपद सोडायचं ठरवलं त्या दिवशी त्यांनी मला शेजारच्या खोलीत थांबायला सांगितलं होतं. मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. दुपारची जेवणं झाली, चहाही आत गेला. मला कुणी बोलावलं नाही. शेवटी अकाउंटंट साहेब बाहेर आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

"भाऊंच्या पुतण्याचं नाव ठरलं," ते म्हणाले. "तुमच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय."

"मग?"

ते जरा घुटमळले. "प्रश्न पूजेचा निघाला. दरवर्षी कारखान्यात सत्यनारायण होतो, एमडी सपत्नीक बसतात. मेहुणे म्हणाले, त्या कशा बसणार?"

मला आधी हसूच आलं. त्या पूजेची सगळी तयारी मीच करत आले होते. भटजींना फोन, शिऱ्याचा रवा, केळीचे खांब, कामगारांच्या मुलांसाठी वेगळा प्रसाद. पूजेला दुसरं कुणीही बसू शकलं असतं. भाऊंचे भाऊ आनंदाने बसले असते. पण हे विचारायला मला कुणी आत बोलावलंच नव्हतं.

"आणि भाऊ काय म्हणाले?"

"काही बोलले नाहीत."

तेवढ्यात मेहुणे दारातून डोकावले. "वाईट वाटून घेऊ नका हां," ते म्हणाले. "तुम्ही तर आमच्यातल्याच." ते मनापासून बोलत होते.

पुतण्या पुण्याहून आला. चांगला मुलगा होता, शिकायची तयारी होती. कुठल्या खरेदीदाराला कसा भाव सांगायचा, कोण रमजानात फोन घेत नाही, हे सगळं मीच त्याला शिकवलं. नवरा म्हणायचा, सोड ही नोकरी, गोव्यात कुणीही तुला घेईल. पण मला तो कारखाना माझा वाटायचा. शिवाय भाऊ एक दिवस काहीतरी बोलतील, अशी आशा होती.

ते बोलले, पण आजारी पडल्यावर. मी घरी भेटायला गेले, तेव्हा ते अंगणातल्या आरामखुर्चीत होते.

"इलंस गो? बस." त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. मग म्हणाले, "त्या दिसा माका बोलूक होया होता. आपल्याच माणसांसमोर तोंड उघडूक झाला नाय."

"आता ऱ्हवांदे, भाऊ."

"ऱ्हवांदे कित्याक? तू तरी भांडूक होया होतंस माज्याशी."

मी त्यांचा हात धरला. त्याच पावसाळ्यात ते गेले.

त्यानंतर काही वर्षांनी युरोपातल्या एका मोठ्या खरेदीदाराने विचारलं, तुमच्या बोर्डावर कोण कोण आहे? अकाउंटंट सोडले तर सगळी एकाच घरची माणसं बघून त्यांनी नाराजी कळवली. महिन्याभरात पुतण्या माझ्या केबिनमध्ये आला आणि त्याने संचालक व्हाल का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. आता मी आत बसते. माहितीपत्रकात माझा फोटो पहिल्या पानावर आहे. पण भाऊ असताना मिळाली असती ती खुर्ची आणि ही खुर्ची एक नव्हे.

आमच्या उत्पादन विभागात एक इंजिनिअर होती, आंबोलीकडच्या धनगरवाड्यावरची. पूर्ण प्लांट ती चालवायची. गेल्या वर्षी उत्पादनप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा मी बोर्डात तिचं नाव सुचवलं. कुणी विरोध केला नाही.

"मुलगी हुशार आहे," मेहुणे म्हणाले, "पण हळूहळू करू या. आत्ताच तुम्ही बोर्डात आलात ना."

मी वाद घातला, पुढच्या बैठकीत पुन्हा विषय काढला. पुतण्या मान डोलवत राहिला आणि त्या जागेवर व्याह्यांच्या ओळखीतला एक गृहस्थ आला.

इंजिनिअर राजीनामा द्यायला माझ्याकडे आली. गोव्यातल्या एका कारखान्याने तिला बोलावलं होतं.

"थोडं थांब," मी म्हटलं. "मी पुन्हा बोलते त्यांच्याशी."

तिने माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "मॅडम, तुम्ही थांबलात. मी बघितलंय ना."

तिला सोडायला मी गेटपर्यंत गेले. तिने वाकून नमस्कार केला आणि सावंतवाडीच्या एसटीला हात दाखवला. परत आले तर पुतण्या जिन्यात भेटला आणि म्हणाला, चांगलं माणूस गेलं. मी हो म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन बसले.