फिका चहा

मला शुगर निघाली तेव्हा गोळ्यांचं काही वाटलं नाही. धास्ती वाटली ती उंब्रजची. सासुरवाडी तिथं, दारापर्यंत ऊस, आणि जावयापुढं बिनसाखरेचा चहा ठेवणं म्हणजे त्या घरात अपमानच.

तरी गेल्या गेल्या सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, "आता साखर बंद." त्यांनी मान डोलावली. चहा आला. एक घोट घेतला आणि माझं डोकंच फिरलं. पाकासारखा गोड!

"आवं पाव्हणं, साखरेचा कण बी न्हाई त्यात," त्या म्हणाल्या. "घरचा गूळ हाय, बिनकेमिकलचा."

शुगरवाल्याला गूळ काय नि साखर काय, सारखंच, हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं. त्या कप उचलून आत गेल्या. परतीच्या वाटेवर बायकोनं मला चांगलंच फैलावर घेतलं.

पुढच्या खेपेला मात्र चहा खरोखर फिका होता. समोर सासरे बसले होते. जन्मभर ऊस पिकवलेला माणूस, चहात बोट चिकटेल एवढी साखर लागते. त्यांनी घोट घेतला आणि काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. तेव्हा कळलं, आज घरात सगळ्यांचाच चहा फिका आहे.

"तुम्ही कशाला?" मी म्हटलं.

"एकट्या पाव्हण्याला फिका दिला तर अपमान," कप संपवत ते म्हणाले. "समद्यांनीच पिला तर कसला अपमान?"

मी आणखी अर्धा कप मागितला. मग त्यांनाही घ्यावा लागला.