न विचारता केलेली कॉफी

बार्बाने गिऱ्हाइकाला कधी 'कॉफी कशी हवी?' असं विचारलं नाही. माणूस दारातून आत आला, की तो एकदा त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि लांब दांड्याचं पितळी भांडं गॅसवर चढवायचा. या कॉफीत साखर वरून घालत नाहीत. पूड, पाणी आणि साखर एकत्रच उकळायची असते, त्यामुळे कोणाला बिनसाखरेची, कोणाला मध्यम आणि कोणाला गोड, हे आधीच ठाऊक असावं लागतं. त्याच्याकडे चाळीसेक म्हातारे रोज यायचे आणि चाळीसही जणांचं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. "विचारावं लागतं ते हॉटेल," तो म्हणायचा. "माझ्यावर विचारायची वेळ आली, की त्या दिवशी कुलूप."

बार्बा हे त्याचं नाव नव्हे. आपण वयस्कर माणसाला काका म्हणतो, तसे ग्रीक लोक बार्बा म्हणतात. आम्ही इंग्रजीत बोलायचो, आणि त्या भाषेत अहो-जाहो नसल्यामुळे लिहितानाही त्याच्याबद्दल एकेरीच येतं. त्याचं कॉफीघर शिकागोच्या ग्रीक वस्तीत होतं आणि त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आमचा दवाखाना. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं मी तिथे लॅबमध्ये होते. मिरजेत सहा वर्षं हेच काम केलं होतं, त्यामुळे नोकरी लवकर मिळाली. शॉमबर्ग या उपनगरातून तासभर गाडी चालवत यायचं आणि संध्याकाळी तासभर परत.

खालच्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नसे. मग डॉक्टर मलाच सुया आणि काचेच्या नळ्या देऊन खाली पाठवत. त्या जागेत बायका जात नसत. म्हाताऱ्यांच्या स्वतःच्या बायकासुद्धा दाराबाहेर उभं राहून हाक मारायच्या. पहिल्या दिवशी पत्ते खेळणारा एकजण माझ्याकडे बघून कुरकुरला. बार्बाने त्याला गप्प केलं. "हातात सुई असली की ती बाई नसते, डॉक्टर असते. बाही वर कर." मी डॉक्टर नाही, असं दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

त्याच दिवशी मी चहा मागितला. सगळ्यांचे पत्ते हातात थांबले. "काय होतंय तुला?" बार्बा खरोखरच्या काळजीने म्हणाला. त्यांच्यात चहा आजारी माणसाला देतात. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मध्यम कॉफी केली. वर दाट फेस, शेजारी गार पाण्याचा ग्लास. फेस मोडलेली कॉफी पुढे ठेवणं म्हणजे त्या माणसाला हाकलून देणं, असं त्याचं मत होतं. मला टेबलावर जागा नव्हती. काउंटरमागे एक स्टूल मिळालं आणि पाच वर्षं मी त्याच्यावर बसले.

आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत याची बरीच चेष्टा व्हायची. "वहिनी अड्ड्यावर जातात," असं एक काका प्रत्येक पॉटलकला न चुकता म्हणायचे. माझी मुलगी म्हणायची, "आई, दॅट्स सो वीअर्ड." असेना.

बार्बाचा जिवाभावाचा माणूस ग्रीक नव्हता. आगोप नावाचा आर्मेनियन चांभार होता तो, चपला-बूट दुरुस्त करणारा. दोघांचा जन्म तुर्कस्तानातल्या एकाच गावातला. लहानपणी, तिथल्या कत्तली आणि जाळपोळीत, दोघांची घरं वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडली आणि पन्नाशीत ते शिकागोच्या एका बसस्टॉपवर एकमेकांना भेटले. आपसात बोलायचे ते तुर्कीत. ज्यांनी हाकललं त्यांचीच भाषा, पण गावाचं दुसरं काही दोघांकडे शिल्लक नव्हतं. सोंगट्यांचा पट मांडून दिवसभर एकमेकांना शिव्या द्यायचे.

पाट्या बदलल्या तेव्हाची गोष्ट आगोपच मला सांगायचा. सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्कांची लढाई झाली आणि वस्तीतल्या पुढाऱ्यांनी ठरवलं, की इथून पुढे कोणी 'तुर्की कॉफी' म्हणायचं नाही, 'ग्रीक कॉफी' म्हणायचं. बार्बाने निमूटपणे पाटी रंगवून घेतली.

"पाटी ग्रीक आहे," तो म्हणाला. "कॉफीला कोणी विचारलंय?"

"विचारलं तर आर्मेनियन म्हणेल," आगोप म्हणाला.

"ती बूट शिवायला लागली की म्हणेल हो."

त्यांच्या बोलण्यातले काही शब्द मला ओळखीचे लागायचे. हलवा, बाजार, दुनिया. बातमीला ते हाबारी म्हणत, म्हणजे आपली खबर. आणि एखाद्यासाठी म्हणून, त्याचा मान राखायला म्हणून जे करायचं, ते त्याच्या 'हातीरी'साठी. आपली खातर. मी तसं सांगितल्यावर बार्बाला फार आश्चर्य वाटलं नाही. "शब्दाला पासपोर्ट लागत नाही," एवढंच म्हणाला आणि पाणी भरायला गेला.

पाचव्या वर्षी आगोपची साखर चढायला लागली. त्याला मधुमेह जुनाच होता, पण पथ्य कडक आणि उपाशीपोटीचा आकडा एकशे तीसच्या आसपास असायचा. तो एकशे नव्वद झाला, मग दोनशे साठ. डॉक्टर त्याच्यावर ओरडले. गोळ्या वाढवल्या. बायको बिचारी रडकुंडीला आली, घरात साखरेचा डबाच नाही म्हणाली. मग उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. "महिनाभर असंच चाललं तर पाय कापावा लागेल," डॉक्टर मला म्हणाले.

एका सकाळी मी स्टुलावर बसून नळ्यांना चिठ्ठ्या लावत होते. बार्बाने आगोपची कॉफी चढवली आणि तिच्यात दोन चमचे साखर घातली. आगोप गेली वीस वर्षं बिनसाखरेची घेत होता. तिथे तो दिवसातून पाच कप प्यायचा.

मग मी इतरांकडे बघायला लागले. चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला गोड लागायची. त्याच्यापुढे कडू आली आणि तो चेहरा न बदलता प्यायला. कोपऱ्यातल्या दोघा भावांच्या कॉफ्यांची अदलाबदल झाली होती. त्यांनी बार्बाची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि कप बदलून घेतले. कोणी एक शब्द बोललं नाही. हे किती दिवसांचं होतं कोण जाणे.

मी आगोपला जिन्याखाली गाठलं. "तुला गोड लागते हे कळत नाही?"

"जीभ आहे मला."

"मग सांगत का नाहीस?"

"त्याला काय सांगू? 'तू विसरायला लागलास' म्हणून? उद्या कुलूप लावेल तो. त्याची बायको गेली, मुलगी फ्लोरिडात. कुलूप लावून जाईल कुठे?"

"तुझा पाय जाईल, आगोप."

"माझा आहे ना? मग मी बघतो."

"निदान पिऊ नकोस. कुंडीत ओत."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच त्याच्या कपात थुंकले होते.

मी दोन दिवस विचार केला. मला अशा वेळी हातावर हात ठेवून बसता येत नाही. तिसऱ्या दिवशी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत यादी लिहिली. चाळीस नावं, प्रत्येकापुढे एक, दोन किंवा शून्य. नावं मला रक्ताच्या नळ्यांमुळे पाठ होती आणि चवी बाकीच्यांकडून, सहज विचारल्यासारखं करून, एकेक काढून घेतल्या. काउंटरमागच्या कपाटाच्या दाराला, आतून, बार्बा कप काढताना त्यालाच दिसेल अशी ती चिकटवली. म्हटलं, कोणाला कळायचं नाही. त्याची अब्रू राहील, आगोपचा पाय राहील.

बार्बाने कपाट उघडलं. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुझं, डॉक्टर."

तीन दिवस सगळ्यांना बरोबर कॉफी मिळाली. मी धरून चालले होते, की सगळ्यांना हायसं वाटेल. पण पहिला घोट घेतल्याबरोबर म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. चूक गिळायची सवय त्यांना झाली होती. बरोबर कॉफीने ते घाबरले. कोणीतरी बार्बाला सांगितलं, हे चाळीसही जणांना एकाच सकाळी कळलं, आणि त्यांना कळलं हे बार्बाला कळलं. पट मांडले गेले, पण शिवी ऐकू आली नाही. चौथ्या दिवशी दाराला कुलूप होतं. माझं कार्ड कपाटातून काढून आमच्या दवाखान्याच्या दाराखालून आत सरकवलेलं होतं, नीट, न दुमडता.

बार्बाची मुलगी येऊन त्याला फ्लोरिडाला घेऊन गेली. त्या जागेत पुढे टाइल्सचं दुकान झालं. म्हातारे पांगले. काहीजण कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात कागदी कप घेऊन बसायचे. तिथे अर्ध्या तासाने उठवत. बरेच जण घरीच राहिले. मी काहींच्या घरी रक्त घ्यायला जायचे. टीव्ही चालू असायचा आणि ते त्याच्याकडे बघत नसायचे.

दीड वर्षाने बार्बा गेल्याची बातमी आली. शेवटी त्याला मुलीचं नावही आठवत नव्हतं म्हणे. चाळीस दिवसांनी इथल्या चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतर सगळे जमले. मीही गेले. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने देतात ते, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले उकडलेले गहू वाटत होते. आगोप काठी टेकत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. कुलूप लागल्यापासून रक्त देताना तो हात पुढे करायचा आणि भिंतीकडे बघायचा, त्यामुळे तो आपणहून बसला याचंच मला नवल वाटलं.

"यादी लावली नसती तर तुझा पाय गेला असता," मी म्हणाले. न विचारता म्हणाले.

"हो. डॉक्टरही तेच म्हणाले." त्याने बुटातला पाय पुढे करून बघितला. "चांगला आहे. दुखत नाही. आता तूच सांग, डॉक्टर, या पायांनी चालत जाऊ कुठे?"

बाहेर बर्फ पडत होता, म्हणून मी त्याला गाडीने घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात त्याचं रक्त तपासलं. साखर एकशे बारा. मी रिपोर्टवर 'नॉर्मल' असं लिहिलं आणि सही केली.