बाहेर मीच का?

शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी डबा भरत होते. कुंदा गेली. कावीळ विकोपाला गेली होती हे ठाऊक होतं. तरी आदल्या दुपारीच "उद्या येताना मोसंबी आण गं" म्हणाली होती... हॉस्पिटलात पोचले तर खाट रिकामी. "मिस्टर घेऊन गेले," सिस्टर म्हणाली. ज्याच्या घरातून कुंदा पाच महिन्यांपूर्वी नेसत्या साडीनिशी निघाली, तोच सही करून तिला घेऊन गेला होता. कायद्यानं ती त्याची बायको. मी नुसती मैत्रीण.

आम्ही दोघी मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला शेजारी बसायचो. कुंदाचे हात चलाख, जीभ त्याहून. सुपरवायझरलाही ऐकवायची. पण अधूनमधून भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून यायची. तीन वर्षं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती लाज माझी आहे.

तिची मावसबहीण शैला इंग्लंडात नर्स होती. शेवटी कुंदानं तिला सगळं कळवलं. उत्तर आलं ते जेवणाच्या सुट्टीत मला वाचून दाखवलं. शैलाच्या शेजारणीला नवरा मारायचा. ती कोर्टात गेली आणि कोर्टानं नवऱ्यालाच घराबाहेर काढलं. "नलू, त्याला काढलं गं! ती तिथंच राहिली, मुलांना घेऊन, स्वतःच्या स्वयंपाकघरात." कुंदाचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

आपल्याकडेही छळाविरुद्ध त्र्याऐंशी सालचा नवा कायदा नुकताच आला होता. आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं दंडावरचे वळ पाहिले, नवऱ्याला बोलावलं आणि 'पुन्हा असं करणार नाही' एवढं लिहून घेतलं. कुंदानं इंग्लंडचं सांगितलं तर हसला. "बाई, मग लंडनलाच संसार करायचा ना." त्या कागदाचा सूड नवऱ्यानं त्याच आठवड्यात उगवला. कुंदा माझ्याकडे आली ती कायमची. आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी खटला उभा केला, पण स्पष्टच सांगितलं, "त्याला शिक्षा होऊ शकते. पण घरातून काढता येणार नाही, घर त्याच्या नावावर आहे."

"मार मी खाल्ला," कुंदा म्हणाली, "मग बाहेर मीच का?"

वकीलबाईंनी पुढची तारीख लिहून दिली. शैलानंही पुढच्या पत्रात कळवलं, की तिकडचे पोलीससुद्धा पुष्कळदा 'घरचा मामला' म्हणून परत फिरतात. मारणारे सगळीकडे सारखेच. फक्त दार कुणाच्या तोंडावर लावायचं, हे तिकडे कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे ते लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. तारखा पडत राहिल्या आणि कुंदा पिवळी पडत गेली...

त्या दिवशी मी हॉस्पिटलातून तिच्या सासरी गेले. तिला हिरवी साडी नेसवली होती, मळवट भरला होता, ओटी भरली होती. "सवाष्ण गेली, नशीब काढलं," एक बाई म्हणाली आणि तिच्या पाया पडली. नवरा रडत होता, लोक त्याला सावरत होते. मी सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. बोलले नाही. पुढे वकीलबाई म्हणाल्या, जिनं सांगायचं तीच उरली नाही, आता खटल्यात काही राहिलं नाही.

आमच्याकडे राहायची तेव्हा दाराची बेल वाजली की कुंदा हातातलं टाकून उठायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. दूधवाला असो, माझे मिस्टर असोत. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तो खेळच वाटायचा. तीही मावशीशेजारी जाऊन उभी राहायची. काल संध्याकाळी बेल वाजली. मुलगी पाटी ठेवून उठली, भिंतीला टेकली.

"बस गं, बाबा आलेत," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली. "पण मावशी सांगायची, आधी उभं राहायचं. मग बघायचं कोण ते."