ज्योत्स्नाने बांधलेला सर्व्हर

मे महिन्यात अकोल्यात कूलर कुठे लावावा याचा माणसाने फार विचार करू नये, फक्त लावावा, अशी केशवराव हिंगणकरांची श्रद्धा होती. त्या शुक्रवारी दुपारी ते ‘रक्तमैत्री’ या रक्तदात्यांच्या संस्थेच्या कचेरीत आले, तर कोपऱ्यातला सर्व्हर तव्यासारखा तापलेला, पडद्यावर अक्षरं सरसर वर पळतायत, आणि ज्योत्स्ना डबा धुवायला गेलेली. केशवरावांना यंत्राची दया आली. त्यांनी मोठा कूलर ओढत आणून त्याच्या तोंडासमोर उभा केला आणि हाताशी आला त्या बोर्डात पिन खोचली. बोर्ड यूपीएसचा होता. यूपीएस एकदा किंचाळला आणि गप्प झाला. पाठोपाठ पडदा काळा, कूलर गार.

ज्योत्स्ना ओला डबा घेऊन दारात उभी.

“काय केलं काका?”

“हवा देली वं त्याले.”

“चार तासांपासून बांधून राह्यली होती मी. अर्धा तास उरला होता!”

संस्थेची डिस्क बुधवारी बसली होती. तेवीस हजार रक्तदात्यांची यादी ज्योत्स्नाने वेगळी जपून ठेवली होती, ती शाबूत होती. पण ती मांडायला चालू सर्व्हर नव्हता. आणि सोमवारी सेमाडोहकडून सिकलसेलची बारा मुलं रक्त घ्यायला येणार होती. बारा दाते रविवारी रक्तपेढीत हजर पाहिजेत. बरं, यंत्र इतकं जुनं, की त्याच्या युनिक्ससाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस तयार बांधलेला मिळेना. मूळ कोड आणून इथेच कंपाइल करणं, म्हणजे बांधून काढणं, आलं.

“जिथून थांबलं तिथूनच चालू होत नाही का?” सचिवांनी, म्हणजे केशवरावांनीच, अपराधी स्वरात विचारलं.

“होते. पण अर्धवट कोणती फाइल राह्यली ते कोण पाहत बसते? पहिल्यापासून.”

ज्योत्स्ना बोलते ती अशी. हिवरखेडच्या देवमन इंगळ्यांची ही मुलगी. देवमन अकोटच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते. आवाज बदलला की पट्टा कुठे घासतो ते डोळे मिटून सांगत. लेकीने अमरावतीत पॉलिटेक्निक केलं आणि तिथल्याच एका कॉलेजचे संगणक ती सांभाळू लागली. धाकटा भाऊ प्रीतम लहानपणी अनोळखी माणसांच्या रक्तावर जगला, आज शाळेत गणित शिकवतो. त्या अनोळखी माणसांपैकी एकाचंही नाव घरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून दर रविवारी ज्योत्स्ना एसटीने अकोल्याला येते आणि यादी सांभाळते. कारण विचारलं तर “सवय हाय” म्हणते. यावेळी मात्र तिने तीन दिवसांची रजा टाकली होती.

शनिवारी सकाळी सर्व्हर उभा राहिला. आता जुळवाजुळव. तिने पोस्टग्रेसला पाव मेमरी दिली. केशवरावांचा हात मुळात सढळ.

“सगळीच देऊन टाक न!”

“मंग बाकीचं यंत्र काय खाईन?”

मग तिने एक वही बांधून दिल्यासारखं केलं: जो प्रश्न एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खाईल, त्याची नोंद व्हावी. संध्याकाळी ती नोंद उघडली, तर एकच प्रश्न एकतीस वेळा. एकूण दाते किती? एकाच टेबलावरून. दर वेळी यंत्र बिचारं पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत मोजत बसलेलं.

कचेरीतल्या सगळ्यांनी केशवरावांच्या टेबलाकडे पाहिलं.

“आकडा पाह्यला की बरं वाटते मले,” ते म्हणाले.

ज्योत्स्ना हसली नाही, रागावलीही नाही. “सकाळी एकदा मोजून ठेवीन मी. मंग कितीबी दाबा.”

शेवटचं काम तिचं तिनेच ठरवलं. आजवर यादी आडनावाच्या क्रमाने निघायची. त्यामुळे फोन सुरुवातीच्याच मंडळींना जायचे. आगरकर, आमले यांचं रक्त पार आटायची वेळ आली, आणि ‘ह’पर्यंत कोणी पोचतच नसे. तिने क्रम बदलला. रक्तगट जुळला, की ज्याला देऊन सर्वांत जास्त दिवस झाले तो वर, आणि ज्याने कधीच दिलं नाही तो सगळ्यांच्या आधी.

रविवारी सकाळी कार्यकर्ती वर्षाली फोनला बसली. पूर्वी नाव येईस्तोवर चहा व्हायचा. आता बटण दाबलं की नाव हजर. दहा वाजेपर्यंत अकरा दाते ठरले. केशवराव हिशोबाबाहेर खूश होऊन सगळ्यांना कचोरी वाटत होते. बारावा दाता हवा होता नऊ वर्षांच्या जमुनाला. बी निगेटिव्ह.

वर्षालीने बटण दाबलं आणि फोन लावलाच नाही.

“काका, तुमीच पाहा.”

केशवरावांनी चष्मा चढवला. पहिलंच नाव : हिंगणकर केशवराव. वय एकोणसाठ. नोंदणीला वर्षं बावीस. शेवटचं रक्तदान : नाही.

बावीस वर्षांत त्यांनी हारतुरे घातले, शिबिरं भरवली, दात्यांच्या पाठीवर हात फिरवला. सुई टोचायच्या वेळी मात्र त्यांना नेमका कुणाचा तरी फोन येत असे.

“ज्योत्स्ना,” ते खोल आवाजात म्हणाले, “यंत्र काही बरोबर वाटत नाही वं. पह्यल्या नंबरवर मलेच दाखवून राह्यलं.”

“यंत्र बरोबर हाय काका, बाही वर करा.”